उल्काताईंचा बुद्ध वॉक

उल्काताई आगाशे यांच्या सिंगापुरातल्या, पासिर रिसच्या कॉन्डोत सात बुद्ध आहेत. एक शू रॅकवर, त्याच्या पुढ्यात किल्ल्या टाकायची वाटी. एक बाल्कनीत, मनी प्लांटच्या कुंड्यांमध्ये. एक पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, गुंडाळलेल्या टॉवेलांशेजारी. सातांपैकी पाचांना धडच नाही, नुसती डोकी, डोळे मिटलेली. दोन बालीहून आणली, दोन व्हिएतनामहून, आणि एक सोफ्याच्या दुकानात सोफ्यावर फुकट मिळालं. उल्काताई म्हणतात, बुद्ध असला की घराला कशी शांतता येते.

त्यांचे यजमान दिलीप आगाशे एका बँकेच्या आयटी विभागात मोठे साहेब आहेत. त्यांनी दहा-दहा दिवसांची मौन शिबिरं दोनदा केली आहेत. त्या वीस दिवसांची भरपाई ते गेली सहा वर्षं करत आहेत.

मी चैत्राली पाटील. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे, बॅटऱ्यांवर काम करते, आणि सेरंगूनला एका फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहते. आगाशांकडे महिन्यातून एकदा पंधरा-वीस मराठी माणसं जमतात, त्यांत मीही जायचे. पहिल्याच वेळी उल्काताईंनी विचारलं होतं, पाटील म्हणजे कुठले गं? भंडाऱ्याकडचे, मी म्हणाले. मग जमीनजुमला असेल भरपूर, त्या म्हणाल्या. मी हसले. त्या एका हसण्यावर मी दोन वर्षं काढली.

आमच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती. पणजोबा आजोबांचं नाव शाळेत घालायला गेले तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं, आणि पणजोबांनी गावातलं सर्वांत वजनदार आडनाव छाती पुढे काढून सांगून टाकलं. मास्तर हसले, गाव हसलं, पण दाखल्यावर ते चढलं ते चढलंच. पुढे आजोबांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला. आमच्या घरात एकच बुद्ध आहे, पितळेचा, वीतभर उंचीचा. त्याला धड आहे, आणि त्याच्यापुढे रोज सकाळी मेणबत्ती लागते.

हे मी आगाशांकडे कधी सांगितलं नाही. गणपतीत त्यांच्याकडे मोदक वळायला बसले, संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले. दिलीप आगाशे एकदा जेवताना सांगत होते की त्यांच्या कॉलेजात निम्मी मुलं 'कोट्यातली', त्यांना साधं लॉगॅरिदम यायचं नाही, म्हणून तर देश सोडावा लागला. सगळे माना हलवत होते. मी तेव्हा अळूवडी खात होते. ती संपवून मी दुसरी घेतली. मला लॉगॅरिदम चांगलं येतं, शिष्यवृत्ती मिळवून इथवर आले, पण त्या टेबलाशी मला तोंड उघडता आलं नाही. या लोकांची मला जेवढी कीव येते, त्याहून जास्त त्या दुसऱ्या अळूवडीची येते.

तर या मे महिन्यात आई आली. माझी आई, मालती पाटील, भंडारा जिल्ह्यात पस्तीस वर्षं शाळामास्तरीण होती, हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाली. तिचा हा पहिला विमानप्रवास. तिला सिंगापुरात ना उंच इमारती बघायच्या होत्या ना बागा. रेसकोर्स रोडवर एका मंदिरात पंधरा मीटर उंच बुद्धमूर्ती आहे, असं तिने वाचलं होतं आणि वहीत लिहून आणलं होतं. तिथे आपण दोघीच शनिवारी जाऊ, असं मी ठरवलं होतं. पण गुरुवारी सेरंगूनच्या मॉलमध्ये आईला चपला घेत असताना समोरून उल्काताई आल्या.

त्यांनी आईला काकू काकू करून मिठीच मारली. म्हणाल्या, किती योगायोग, रविवारी रेसकोर्स रोडच्या मंदिरात आमचा बुद्ध वॉक आहे, वेसाकच्या आधीचा. वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. इथे त्या दिवशी सुट्टी असते. दिलीप सगळी माहिती सांगणार आहेत, ड्रेसकोड पांढरा किंवा ऑफ-व्हाइट. आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. पांढरी साडी मी आणलीच आहे, ती म्हणाली. उल्काताईंना वाटलं, काकू फारच उत्साही आहेत.

घरी आल्यावर आई ती साडी इस्त्री करायला बसली. मी बराच वेळ खोलीत इकडची वस्तू तिकडे ठेवत राहिले आणि मग म्हणाले, "आई, रविवारी तिथे जय भीम नको म्हणूस. नुसता नमस्कार कर. आणि आपलं काही सांगू नकोस."

"काहून?"

"इथली माणसं तशी आहेत."

"कशी?"

मी कपाटाचं दार लावलं. आईने इस्त्री उभी करून ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि 'बरं' म्हणाली. पुढे ती त्या साडीचा एकच पदर कितीतरी वेळ इस्त्री करत होती. त्या दिवशी ती लवकर जेवली.

रविवारी सकाळी फेरर पार्क स्टेशनबाहेर आम्ही चौदा जण जमलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आगाशांच्या घरातलं कोणीतरी गेलं. उल्काताईंनी पांढऱ्या लिननच्या कुर्त्यावर रुद्राक्षाची माळ घातली होती. बुद्धाच्या भेटीला रुद्राक्ष का, हे मी विचारलं नाही. त्यांची अकरा वर्षांची निहारिका तेवढी जांभळ्या टी-शर्टमध्ये होती. पांढरा घालणार नाही, सो boring lah, असं ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत घरून निघतानाच सांगून आली होती.

मंदिर बाहेरून साधंच आहे, दाराशी रंगवलेले वाघ. आत गेलं की मूर्ती एकदम समोर येते. बसलेला बुद्ध, पण मान पार मागे टाकल्याशिवाय चेहरा दिसत नाही. अंगावर पिवळं वस्त्र रंगवलेलं, मागे दिव्यांचं वर्तुळ. रंग भडक आहेत, जत्रेतल्यासारखे. तरी तिथे आवाज आपोआप खाली येतो. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. आमच्या गावच्या विहारातली मूर्ती तिच्या कोपरापर्यंत येते.

आवाज खाली आला नाही तो फक्त दिलीप आगाशांचा. ते मूर्तीकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. मूर्तीचं वजन तीनशे टन. बुद्ध हा मुळात विष्णूचा नववा अवतार. माझ्या आईने जन्मभर पाठ म्हटलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक नेमकी या वाक्याच्या विरोधात आहे. ती हात बांधून ऐकत होती, शाळातपासणीला आलेल्या साहेबाचं ऐकावं तशी. पुढे ते म्हणाले, बौद्ध हा धर्मच नाही, हे मनाचं शास्त्र आहे. जपानी लोकांना ते कळलं, आपल्याकडे मात्र काही लोकांनी त्याचं राजकारण करून टाकलं. 'काही लोकांनी' म्हणताना त्यांनी हातानं काहीतरी झटकल्यासारखं केलं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही मान सवयीने हलली असणार.

मग फोटो. उल्काताई चौथऱ्यासमोर मांडी घालून बसल्या, एक तळवा पुढे, डोळे मिटलेले. मूर्तीचा चेहरा नेमका त्यांच्या डोक्यावर यायला हवा होता, म्हणून फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांना फरशीवर आडवं पडावं लागलं. दोन म्हाताऱ्या चिनी बायका उदबत्त्या घेऊन वाट बघत उभ्या होत्या. त्या उभ्याच राहिल्या. उल्काताईंना शांतता साधायला सात-आठ फोटो लागले.

जागा मोकळी झाली तशी आई पुढे गेली. तिने त्या दोघींना आधी जाऊ दिलं. मग गुडघे टेकले, तीनदा कपाळ जमिनीला लावलं, हात जोडले आणि त्रिसरण म्हणायला लागली. आईचा आवाज गोड नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला, कोरडा, स्पष्ट आवाज आहे. पण तो त्या उंच छताखाली सरळ वर गेला. बाजूला एक वयस्क बाई फुलदाण्यांतलं पाणी बदलत होती. तिने हातातला जग खाली ठेवला आणि तीही आईबरोबर म्हणू लागली. तिचे उच्चार वेगळे, चाल थोडी संथ, पण शब्द तेच. दोघी एकमेकींकडे न बघता म्हणत होत्या.

पंचशील सुरू झालं तेव्हा माझेही ओठ हलायला लागले. लहानपणापासूनची सवय. प्राण्यांची हत्या करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, वाईट चालीने वागणार नाही, असं करत चौथ्या शीलाशी आले आणि अडकले. मुसावादा. खोटं बोलणार नाही. आई आणि ती बाई पुढे निघून गेल्या. मी तिथेच राहिले.

आई उठली. त्या बाईने आईचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी बोलली, आईला कळलं नाही, पण दोघी हसल्या. मग दिलीप आगाशे पुढे झाले. फारच शुद्ध उच्चार आहेत तुमचे काकू, ते म्हणाले. कुठल्या सेंटरला शिकलात? आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पावलांवरच्या नव्या चपलांच्या वळांकडे बघत होते. आई म्हणाली, ऐकून ऐकून येतं.

माझ्या आईने माझ्यासाठी, त्या मूर्तीच्या पायाशी, आत्ताच घेतलेलं शील मोडलं.

दिलीपरावांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी आईला ती काय म्हणाली त्याचा अर्थ समजावून सांगायला घेतला. सरणं गच्छामि म्हणजे काकू, अहंकार सोडणं, सरेंडर. लोक नुसतं पोपटासारखं म्हणतात, अर्थ माहीत नसतो. ते पाच मिनिटं बोलले. पस्तीस वर्षं दर पौर्णिमेला बायकापोरांना हाच अर्थ शिकवणारी माझी आई 'हो का', 'हो का' म्हणत होती.

तेवढ्यात उल्काताई फोन नाचवत आल्या. त्यांनी व्हिडिओ घेतला होता, पण मध्ये ती जगवाली बाई आली, आणि सुरुवातीला आवाज नीट नाही. त्या म्हणाल्या, "काकू, पुन्हा एकदा म्हणता का? थोडं या बाजूला बसून. आणि या वेळी एकट्याच."

"पुन्हा?" आई म्हणाली. आणि खरंच वळली. मोडलेल्या गोष्टीला आणखी काय मोडायचं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"नाही म्हणणार ती पुन्हा," मी म्हणाले. "ती प्रार्थना आहे तिची, उल्काताई. आम्ही बौद्ध आहोत."

त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, हो गं, आपण सगळेच मनाने. मी म्हणाले, मनाने नाही, दाखल्याने. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. दिलीपसाहेब ज्या 'काही लोकां'विषयी सांगत होते, ते आम्ही. आणि त्यांच्या कॉलेजातली ती निम्मी मुलंही आम्हीच.

उल्काताईंच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं: "अगं, पण तू तर पाटील ना?"

जणू मी त्यांच्या घरातून काहीतरी उचलून नेलं होतं. मग लगेच सावरून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुझ्याकडे बघून तसं अजिबात वाटत नाही हं. हे कौतुक होतं. दिलीपराव म्हणाले, आम्ही असलं काही मानतच नाही, आमच्याकडे कोणीही येतं. कोणी विचारलं नव्हतं. एका बाईंनी लगेच त्यांच्या आईकडे लहानपणी काम करणाऱ्या कोणा सखूबाईची आठवण सांगितली, किती स्वच्छ होती म्हणून. फरशीवर आडवे पडलेले गृहस्थ कपडे झटकत दूर गेले आणि वाघ बघायला लागले. बाकीच्यांनी एकदम मोबाईल काढले. इतक्या लोकांना एकाच वेळी इतके महत्त्वाचे मेसेज आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

फक्त निहारिका आईजवळ आली. तिने वर मूर्तीकडे बघितलं, मग आईकडे.

"आजी, you real Buddhist ah?"

आईला तेवढं इंग्रजी कळतं. ती हो म्हणाली.

"Then why Papa explaining to you?"

आई मोठ्याने हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदा. उल्काताईंनी पोरीला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि चल, उशीर होतोय, असं काहीतरी म्हणाल्या. जवळच्याच एका हॉटेलात चौदा जणांचं टेबल ठरलेलं होतं. तुम्ही याच हं जेवायला, तसं काही मनात आणू नका, असं त्या आम्हाला तीनदा म्हणाल्या. तिसऱ्या वेळी आईने हात जोडले आणि वर्गात हजेरी घेताना असतो त्या आवाजात म्हणाली, "जय भीम. येतो आम्ही."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. शाबास नाही, पण काहीतरी. ती स्टेशनपर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालली. गाडीत शेजारी बसली, पर्स मांडीवर घेऊन. सेरंगून आलं, दारं उघडली. ती उठली नाही, म्हणून मीही उठले नाही. तशाच आम्ही पुंगोलपर्यंत गेलो आणि तिथे पाण्याच्या कडेला एका बाकावर बसलो. समोरून तरुण आईबाप बाबागाड्या ढकलत चालले होते, पोरं स्कूटरवर होती. ऊन चढलं होतं.

मीच बोलले. म्हटलं, कसली माणसं आहेत बघितलंस ना. घरात सात-सात बुद्ध मांडायचे आणि बौद्ध माणूस दिसला की दातखीळ. मी बराच वेळ बोलत होते. फोटोचं बोलले, रुद्राक्षाचं बोलले, सखूबाईंचं बोलले. माझ्या जिभेला धार आली होती आणि मला ते आवडत होतं.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यायचं सोड. ते मूर्ख आहेत, ते दहा मिनिटांत दिसते. तू काय करून राहिली होती दोन वर्षं?"

मी म्हणाले, एकटी होते इथे. कोणीतरी मराठी बोलणारं हवं होतं.

तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. अमरावतीला डी.एड.ला असताना वसतिगृहात एका खोलीत चार मुली. पहिल्याच दिवशी विचारलं, तू कोण? आईने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून बाकी तिघींचा माठ खिडकीत, आईचा दाराबाहेर. दोन वर्षं. परीक्षेच्या दिवसांत ताप आला तेव्हा ती रांगत दाराबाहेर जाऊन पाणी प्यायली. त्या तिघींपैकी एक पुढे तिच्याच शाळेत शिक्षिका झाली आणि आई हेडमास्तरीण झाल्यावर रजेच्या अर्जावर सही घ्यायला यायची. आई सही करायची.

"मलेही सोपं गेलं असतं एखादं वजनदार आडनाव सांगून," ती म्हणाली. "पण सुट्टीत घरी गेल्यावर मायच्या तोंडाकडे बघता येत होतं. तू मले त्या दिवशी गप्प राहाय म्हणाली न, तेव्हा तुले नव्हतं बघता येत. इस्त्री करता करता मी तुझ्याकडे बघत होतो."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं नाही, पर्समधून रुमाल काढून दिला. थोड्या वेळाने म्हणाली, भूक लागली. जवळच्या हॉकर सेंटरला, एका छताखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, आम्ही केळीच्या पानात भाजलेला मासा आणि भात खाल्ला. तिला तो तिखट लागला नाही, म्हणून तिने आणखी मिरची मागून घेतली.

आगाशांच्या ग्रुपमधून मला कोणी काढलं नाही. तेवढा रोखठोकपणा त्यांच्यात नाही. त्यांनी एक नवा ग्रुप केला, असं नंतर कळलं, आणि जुन्यावर आता नुसत्या सकाळच्या शुभेच्छा येतात. सगळीकडे टाकलेला तो व्हिडिओ काढून टाका म्हणून मी उल्काताईंना लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी, वेसाकच्या सकाळी, त्यांचं लांबलचक उत्तर आलं. आई तेव्हा पितळेच्या मूर्तीचा मोबाईलवरचा फोटो समोर ठेवून मेणबत्ती लावत होती. वाच काय म्हणते ते, ती म्हणाली. मी मोठ्याने वाचलं. आपण सगळे एकाच चैतन्याचे अंश आहोत, भेद फक्त आपल्या मनात असतात, नकळत तुझ्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व, मात्र आधी सांगितलं असतंस तर गैरसमज टळले असते, आणि हो, व्हिडिओ काढून टाकला आहे, तो खूप जणांना आवडला होता.

आईने मेणबत्ती सरळ केली आणि माझा फोन घेऊन मजकुरावर नजर फिरवली. "शुद्धलेखन बरं आहे बाईचं," ती म्हणाली, आणि मला शेजारी बसायची खूण केली.